दहा एकेचाळीस

तुम्ही एका माणसाची चार बोटं घालवलीत आणि वर त्यालाच विचारलंत, हात घातलासच कशाला? चौकशी समिती म्हणे! तुमच्या अहवालाच्या मसुद्यात पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘नोंदींवरून स्पष्ट होते’. काय स्पष्ट होतं? जिचे डोळे तुम्हीच काढलेत, त्या नोंदीला साक्षीला उभं केलंत. ती आंधळी कशी झाली, कुणाच्या तोंडच्या हुकमानं झाली, याबद्दल तुमच्या बावीस पानांत एक ओळ नाही. ते इथं वाचा.

पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कारखाना. त्यात खाली मशीनघर, वर कार्यालय आणि दोघांच्या मधल्या माळ्यावर एक बिनखिडकीची खोली. तिथं सर्व्हर आणि सर्व्हरसमोर एक बाई. तिला सगळा कारखाना ‘तारीखबाई’ म्हणायचा, कारण कुणीही तक्रार घेऊन आलं की ती पहिल्यांदा विचारायची, “तारीख सांगा, वेळ सांगा, मग रडा.” कॉलेज तिनं पाहिलं नव्हतं. डेटाबेस ती जुन्या बाजारातल्या दोन पुस्तकांवर शिकली होती, त्यातल्या एकाची शेवटची तीस पानं फाटलेली होती. कारखान्यात तिला चिकटवलं तिच्या बहिणीच्या नवऱ्यानं. ते इथले फिटर, एकोणीस वर्षांचे जुने.

प्रत्येक मशीनला बारीक बारीक खटके बसवलेले. मशीन चालू झाली, नोंद. थांबली, म्हणजे लाल बटण दाबलं, नोंद. पुठ्ठा ओढणाऱ्या रुळांपुढची लोखंडी जाळी उघडली, नोंद. कुणाच्या ओळखकार्डावर काय झालं, तेही. या नोंदी वर येऊन तारीखबाईच्या टेबलात, म्हणजे संगणकातल्या तक्त्यात, पडायच्या. जाळी उघडताच मशीन आपोआप बंद पडावी, अशीही सोय करता आली असती म्हणे. केली नव्हती. आपला खटका फक्त लिहून घ्यायचा. माणूस रुळात चालला असला तरी तो वाचवणार नाही, पण वेळ टिपणार!

आता टेबलातल्या प्रत्येक रकान्याला आधी सांगून ठेवावं लागतं की बाबा, वेळ किती बारीक ठेवायची. नुसता दिवस, मिनिटापर्यंत, सेकंदापर्यंत, की त्याच्याही खाली. तारीखबाईनं सुरुवातीला सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत ठेवली होती. हौस होती तिला.

तीन वर्षांपूर्वी मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, महिन्याचा अहवाल हातात फडफडवत खोलीत आले.

“हे आकड्यांचं शेपूट कसलं?”

“सेकंदाचे भाग आहेत साहेब.”

“आपण काय रॉकेट सोडतो का? खोके बनवतो आपण, खोके! मिनिट बास. अहवाल निघायला अर्धा तास, वर डिस्क भरली म्हणून तुम्ही नवीन मागणार. कापा हे.”

“कापलेलं परत येत नाही साहेब. तेवढं दोन ओळीत लेखी द्याल का?”

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “माझ्या शब्दाला किंमत नाही? तुमच्या भाऊजींच्या शब्दावर तुम्हाला ठेवून घेतलं, तेव्हा मी लेखी मागितलं होतं?”

तिनं कापलं. अकरा मिनिटं लागली. वेळ मिनिटावर आली, डिस्क हलकी झाली, अहवाल पटापट निघू लागला.

पंधरा दिवसांनी साहेब पुन्हा आले. या वेळी दोन कागद. “एकच दिवस दोनदा छापला तर ओळी खालीवर होतात. पोरखेळ आहे का?” पोरखेळ नव्हता. एका मिनिटात दोन-तीन गोष्टी घडल्या की कुठली आधी आणि कुठली नंतर, हे आता सर्व्हरला कळायला मार्ग नव्हता. तो मनाला येईल तशा ओळी लावायचा. तारीखबाईनं इलाज केला. वेळ सारखी असेल तर घटनेच्या क्रमांकाप्रमाणे लाव. क्रमांक तिनंच कधीकाळी चहा पिता पिता दिलेले, जे आधी आठवलं त्याला आधीचा. जाळी उघडली, तीन. मशीन थांबली, सात. त्या दिवसापासून अहवाल कितीही वेळा काढा, ओळ इकडची तिकडे होत नव्हती. साहेब खूश झाले. तीही झाली.

हे एवढं लक्षात ठेवा. तीन आणि सात.

मागच्या महिन्यात, सकाळी, चार नंबरच्या मशीनमध्ये पुठ्ठा अडकला. भाऊजी गेले. लाल बटण दाबलं, थांबले, जाळी उघडली, अडकलेला तुकडा ओढायला उजवा हात घातला. रूळ थांबायला हवे होते. त्यांना ब्रेक असतो, पाच सेकंदात ते जागच्या जागी उभे राहिले पाहिजेत. हे राहिले नाहीत. हळूहळू, गपचूप फिरत होते, आवाजसुद्धा नव्हता. अंगठा तेवढा राहिला.

दुपारी मोठ्या साहेबांनी तारीखबाईला अहवाल काढायला लावला. कागद नेहमीसारखाच सरळ आला.

१०:४१ – जाळी उघडली.
१०:४१ – मशीन थांबली.

साहेबांनी लाल पेननं दोन्ही ओळींभोवती गोल काढला. “बघा. आधी जाळी, मग बटण. चालू मशीनमध्ये हात घातला तुमच्या भाऊजींनी. एकोणीस वर्षांचा माणूस!” आणि मान हलवत, हळहळत निघून गेले. खरोखर हळहळत हो. तेच जास्त लागलं तिला.

एवढ्यावर सगळं ठरणार होतं. आधी बटण दाबलं असेल तर ब्रेक झिजलेला, म्हणजे दोष कारखान्याचा. आधी जाळी उघडली असेल तर दोष माणसाचा. मग दवाखाना त्याचा त्यानं बघायचा, आणि अर्ध्या हाताचा फिटर कामावरून कमी. मशीनवरचा ऑपरेटर सगळं पाहत होता, पण आठ दिवसांत त्याची दुसऱ्या कारखान्यात बदली झाली आणि त्याचा फोन लागेनासा झाला.

ती बहिणीकडे गेली तेव्हा भाऊजी खुर्चीत बसून डाव्या हातानं शर्टाची बटणं लावत होते. ताई जमिनीवर कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मुद्दाम तिकडे बघत नव्हती, कारण मदतीला गेलं की ते ओरडायचे.

“या मेहुणीबाई. तिसऱ्या बटणाशी आमचं घोडं पेंड खातंय. बसा, चौथ्यापर्यंत चहा होईल.”

“भाऊजी, एक विचारू? आधी काय केलंत? खरं सांगा.”

ताईनं हातातली घडी खाली टाकली.

“तूसुद्धा?” ताई म्हणाली. “बाहेरचे विचारतात ते ठीक. तू कुणाची गं?”

“विचारू दे तिला,” भाऊजी म्हणाले. “बटण दाबलं. मग दहा मोजले. मी नेहमी दहा मोजतो. पोरं हसतात मला, म्हणतात फिटर आला की अंकलिपी सुरू. चार नंबरचा ब्रेक ढिला होता म्हणून तर पाचाचे दहा केले होते. दोनदा बोललो होतो मी वर.”

“लेखी?”

“तोंडी. आपल्याच माणसांना काय लेखी द्यायचं.”

तारीखबाईला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. दहा सेकंद. तिच्या टेबलात दहा सेकंद मावत नव्हते. जागाच ठेवली नव्हती तिनं.

मग तिनं सांगून टाकलं. सेकंद कुणी कापले, तीन आणि सात क्रमांक कुणी दिले, सगळं. ताई ऐकत राहिली. मग उठली, खिडकी लावली, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, आणि म्हणाली, “म्हणजे त्यांची बोटं मशीननं घेतली, आणि त्यांचं खरं तू घेतलंस. नोकरी कुणी लावली होती तुला?”

“अगं, तिला काय माहीत…” भाऊजी म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा! सगळ्यांना सांभाळून घेता, म्हणून तर सगळे तुमच्यावर पाय देऊन जातात.” आणि धाकट्या बहिणीकडे वळून, “तू तोडलंस, तूच जोड. नाही जमलं तर या घराची पायरी चढू नकोस.”

तोडलेलं जोडता येत नाही, हे ताईला कोण सांगणार? मिनिटाच्या पोटात काय झालं, ते आता जगात कुठंच लिहिलेलं नव्हतं. खटक्यांनी पाठवलं, टेबलानं छाटलं, संपलं. तारीखबाई तीन दिवस नुसती पडद्याकडे बघत बसली. चौथ्या दिवशी तिनं चार नंबरच्या मशीनच्या तीन वर्षांच्या सगळ्या नोंदी काढल्या. काय शोधायचं ते माहीत नव्हतं. पण काहीच न शोधता बसणं तिला जमेना.

तीन वर्षांत जाळी एक हजार तीनशे अठरा वेळा उघडली होती. ज्या ज्या वेळी बटण आणि जाळी एकाच मिनिटात पडले होते, त्या प्रत्येक वेळी जाळी आधी. एकही अपवाद नाही. म्हणजे कागद खरा धरायचा तर कारखान्यातला एकूण एक माणूस तीन वर्षं रोज चालू मशीनमध्ये हात घालत होता! आणि जेव्हा मिनिट बदललं होतं, बटण एका मिनिटात आणि जाळी पुढच्या, तेव्हा? प्रत्येक वेळी बटण आधी. तिथंही एकही अपवाद नाही.

ती हसली. एकटीच, मोठ्यानं. मग एक ओळ दिसली आणि हसू आणखी वाढलं. दोन वर्षांपूर्वी सुरक्षा कशी पाळावी हे पाहायला पाहुणे आले होते. मोठ्या साहेबांनी पिवळं टोपडं घालून स्वतः दाखवलं होतं, त्याचा फोटो जिन्यात लावलाय. त्यांच्या कार्डावर, दुपारी दोन वाजून वीस: जाळी उघडली, मशीन थांबली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

पण खरी गोष्ट तिला संध्याकाळी सापडली, घरी जायला उठल्यावर, पिशवी खांद्याला लावल्यावर. मिनिटात साठ सेकंद. जो माणूस दहा सेकंद थांबतो, त्याचं थांबणं सहा वेळांत एकदा मिनिटाच्या उंबऱ्यावर पडणारच. बटण अलीकडे, जाळी पलीकडे. जो तीनच सेकंद थांबतो, त्याचं वीस वेळांत एकदा. ती पुन्हा बसली. भाऊजींच्या कार्डावर चार नंबरची जाळी दोनशे अडतीस वेळा उघडली होती. त्यात मिनिट किती वेळा बदललं? चाळीस. सहात एक. बाकी सगळ्यांचं मिळून काढलं, तर विसात एक.

माणूस दहा मोजत होता. तीन वर्षं, दर वेळी, कुणी बघत नसताना. ती टेबलावर डोकं टेकून रडली, आणि मग तिनं प्रिंटर चालू केला.

चौकशीच्या खोलीत काचेचं टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि एवढी थंडी की भाऊजींनी पट्टी बांधलेला हात काखेत धरला होता. समोर अध्यक्ष म्हणून मोठे साहेब, शेजारी कारखान्याचा वकील. ज्याचा ब्रेक, तोच न्यायाधीश.

तारीखबाईनं कागद मांडले. हजार तीनशे अठरा सांगितले. तीन आणि सात सांगितले. साहेबांची ओळ वाचून दाखवली.

“मी?” साहेब म्हणाले. “मी चालू मशीनची जाळी उघडली?”

“कागदावर तसंच आहे साहेब. लाल गोल मीच काढू की तुम्ही काढता?”

वकिलाला ठसका लागला. भाऊजी खाली बघून हसले, महिन्याभरात पहिल्यांदा.

मग तिनं सहात एक आणि विसात एक सांगितलं. दोनदा सांगितलं, बोटांवर मोजून सांगितलं. वकील मन लावून ऐकत होता. माणूस हुशार. त्याला कळलं, हे तिला स्पष्ट दिसलं. सगळं कळूनही तो काय म्हणाला ते ऐका.

“छान हिशेब आहे बाई. पण ही झाली सरासरी. अपघात सरासरीला झालेला नाही. त्या दिवशी, त्या मिनिटात आधी काय झालं, ते तुमच्याकडे आहे?”

“नाही.”

“का नाही?”

“सेकंद कापले म्हणून.”

“कुणी कापले?”

“मी.”

“कुणाच्या आदेशावरून?”

तिनं साहेबांकडे बोट केलं. साहेबांनी बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. “असला तांत्रिक विषय मी बोलल्याचं मला आठवत नाही. लेखी काही आहे का?”

“भाऊजींनी ब्रेकचंही सांगितलं होतं.”

“तेही लेखी नाही,” वकील म्हणाला. आवाज अगदी मऊ, दवाखान्यात बोलतात तसा.

आणि मग साहेबांना सुचलं. “बरं, त्रुटी राहिलीय ना? दुरुस्त करू. आजच्या आज रकाना सेकंदापर्यंत करा आणि त्या दिवसाचा अहवाल पुन्हा छापून आणा. आमच्यावर आरोप नको.”

“साहेब, रकाना मोठा केला म्हणून गेलेलं परत येत नाही. जुन्या नोंदींत नुसती शून्यं भरली जातील. ती शून्यं वेळ नाहीत.”

“तुम्ही करा हो.”

तिनं केलं. का केलं? तिला वाटलं, शून्यं बघतील आणि तरी कळेल. माणसाला आशा कुठं मारून ठेवेल, सांगता येत नाही. दुपारी कागद आला.

१०:४१:०० – जाळी उघडली.
१०:४१:०० – मशीन थांबली.

चार दिवसांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. वकिलानं मसुदा वाचला. ‘नोंदींची अचूकता सेकंदापर्यंत वाढवून फेरतपासणी केली असता, कामगाराने सकाळी दहा वाजून एकेचाळीस मिनिटे शून्य सेकंद या वेळी, मशीन थांबण्यापूर्वीच जाळी उघडल्याचे नोंदींवरून स्पष्ट होते.’ पुढं निष्काळजीपणा, पुढं सेवा समाप्त. ब्रेकबद्दल एक शब्द नाही. कसा असेल? शुक्रवारी नवीन बसवून झाला होता, जुना भंगारात गेला होता.

भाऊजींनी सगळं ऐकलं. मग शांतपणे विचारलं, “झालं? जाऊ मी?” एकोणीस वर्षांनंतर त्या माणसानं परवानगी मागितली.

“थांबा, एक सही राहिली,” साहेब म्हणाले आणि एक कागद तारीखबाईपुढे सरकवला. सदर नोंदी सेकंदापर्यंत अचूक आहेत, असे प्रमाणित करते. खाली तिचं पद, पुढं रिकामी जागा. “तुमची नोकरी सुरक्षित आहे, काळजी करू नका. रकाना तुम्ही कापलात ते आम्ही अहवालात घेतलेलं नाही. घरात एक तरी पगार चालू राहायला हवा ना?”

तिनं भाऊजींकडे पाहिलं. ते म्हणाले, “करून टाका मेहुणीबाई. मी तुमच्या ताईला समजावतो.” तेही मनापासूनच म्हणाले. यांचं हे सांभाळून घेणं!

तिनं पेन उचललं. प्रमाणपत्राचा मजकूर एका रेघेनं खोडला, आणि खाली लिहू लागली. अक्षर मोठं, पोरीबाळींसारखं. साहेब उलटं वाचायचा प्रयत्न करत होते, म्हणून तिनं लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं.

“सेकंद मी कापले. तोंडी हुकमावर कापले, ही माझी चूक, माझ्या नावावर लावा. शून्यं मी लिहिलेली नाहीत आणि खटक्यांनीही पाठवलेली नाहीत. टेबलाकडे काहीच नव्हतं, म्हणून त्यानं शून्य भरलं. त्या काहीच नसण्यावर तुम्ही एका माणसाला दोषी ठरवताय.”

“बाई, हे योग्य नाही,” साहेब म्हणाले.

“अजून संपलं नाही.” तिनं कागद त्यांच्याकडे फिरवला आणि शेवटची ओळ वर बघून म्हटली. “दोन्ही ओळींवर एकच वेळ आहे. मिनिट एक, सेकंद एक, शून्य एक. मग ‘थांबण्यापूर्वीच’ हा शब्द तुम्ही कुठून आणलात? कुठल्या ओळीतून? बोट ठेवून दाखवा.”

वकील मसुद्याची पानं जुळवत राहिला.

ती खुर्ची ओढून बसली. “मी बसलेय. भाऊजी, तुम्हीही बसा. दाखवा साहेब, कुठल्या?”